कामावरील तंटे आणि मध्यस्थी : बोरघाटाचा धडा

मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटाचा चढ हा एकोणिसाव्या शतकातील स्थापत्याचा एक थोर नमुना मानला जातो. जानेवारी १८५६ मध्ये या कामास प्रारंभ झाला आणि २१ एप्रिल १८६३ रोजी हा मार्ग खुला करण्यात आला. सुमारे २५ किलोमीटर अंतरात साडेपाचशे मीटरहून अधिक उंची गाठणारा हा मार्ग कातळ फोडून तयार करावा लागला. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले. काम ऐन भरात असताना, म्हणजे १८६१ मध्ये, सुमारे ४२ हजार मजूर येथे राबत होते. लोणावळा व खंडाळा या गावांना पुढे जे महत्त्व आले, त्याचा पाया या मजुरांच्या श्रमाने घातला गेला.

या घाटाच्या इतिहासात कामगार-संबंधांच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावी अशी एक घटना मात्र फारशी सांगितली जात नाही. १८५९ च्या प्रारंभी, मजुरी थकल्याच्या व ठरल्यापेक्षा कमी मिळत असल्याच्या तक्रारीवरून, घाटातील मजूर आणि त्यांच्यावर देखरेख करणारे युरोपीय यांच्यात मोठी दंगल झाली. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात मूळ कंत्राटदार फेव्हिएल यांनी कंत्राट सोडले. नोव्हेंबरमध्ये ते काम हाती घेणारे सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत मृत्यू पावले आणि कंत्राटाची जबाबदारी त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी स्वीकारली. घाट पुरा झाला. दंगलीने उपस्थित केलेला प्रश्न मात्र घाटापुरता राहिला नाही.

तो प्रश्न असा : मजुराची तक्रार ऐकणार कोण? मुख्य कंत्राटदाराखाली उपकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम आणि सर्वांत खाली मजूर, अशी ही साखळी होती. पैसा वरून खाली येताना प्रत्येक हातात थांबत असे. तक्रारीला तर खालून वर जाण्याची वाटच नव्हती. मजुरी देण्यास उशीर करणारा आणि तक्रार ऐकणारा हे दोघे एकच असले, म्हणजे तक्रार करणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर निमूट काम सोडून निघून जाणे, किंवा हातात दगड घेणे. कामावरील तंटा वेळीच आणि जागच्या जागी ऐकून घेण्याची सोय नसेल, तर त्याचे पर्यवसान कशात होते, हे बोरघाटाने असे दाखवून दिले.

कायद्याची वाटचाल

या दंगलीच्या पाठोपाठ १८६० चा नववा अधिनियम आला. रेल्वे, कालवे व इतर सार्वजनिक बांधकामांवरील मजूर आणि त्यांचे मालक यांच्यातील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने त्वरित निकालात काढावेत, अशी तरतूद त्यात होती. तंट्यासाठी काही एक यंत्रणा असावी, हे शासनाने या निमित्ताने मान्य केले. परंतु ती यंत्रणा दंडाधिकाऱ्याची होती, मध्यस्थाची नव्हती. काम अर्धवट सोडणाऱ्या मजुरास शिक्षा करण्याचा अधिकारही त्याच दंडाधिकाऱ्यास होता. मजुराने विश्वासाने जावे असे ते ठिकाण नव्हते. हा अधिनियम १९३२ मध्ये रद्द झाला.

दरम्यान कामगार संघटित होऊ लागले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. सभा, अर्ज आणि वाटाघाटी यांच्या बळावर मिळवलेली ही सवलत होती. १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरण्यांत वेतनवाढीचा तंटा झाला. महात्मा गांधींच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याचा शेवट लवादाने झाला. आनंदशंकर ध्रुव यांची लवाद म्हणून नेमणूक झाली आणि त्यांनी ३५ टक्के वाढीचा निर्णय दिला.

१९२९ च्या व्यवसाय-तंटे अधिनियमात समेट मंडळाची तरतूद आली. १९३४ मध्ये मुंबई प्रांताने समेटासाठी स्वतंत्र कायदा करून गिरणी कामगारांसाठी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण केले. त्यानंतर १९३८ चा मुंबई औद्योगिक विवाद अधिनियम व पुढे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम आला. १९४७ च्या केंद्रीय औद्योगिक विवाद अधिनियमाने समेट अधिकारी आणि शंभर अथवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी कामगार व व्यवस्थापन यांची संयुक्त कार्यसमिती या तरतुदी देशभर लागू केल्या.

ही सर्व वाटचाल औद्योगिक संबंध संहिता, २०२० या कायद्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. वीस अथवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, सदस्य दहाहून अधिक नसावेत आणि स्त्री-कामगारांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असे ही संहिता सांगते. अध्यक्षपद दरवर्षी आळीपाळीने दोन्ही बाजूंकडे जाते. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत समितीने काम पुरे करावयाचे असते. तेथे समाधान न झाल्यास समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. त्यांनी साधारणतः पंचेचाळीस दिवसांत, आणि संपाची अथवा टाळेबंदीची नोटीस आली असल्यास चौदा दिवसांत आपले काम संपवावे, अशी अपेक्षा आहे.

दंडाधिकाऱ्याच्या कचेरीपासून निघालेली ही यंत्रणा हळूहळू कामाच्या जागेकडे सरकत आली आहे, हे या इतिहासातून लक्षात येते. अनुभवाने शिकवलेली ही दिशा आहे.

चार शब्द, चार अर्थ

व्यवहारात मध्यस्थी, समेट, लवाद व न्यायनिवाडा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यामुळे अनेकदा गैरसमज होतात. लवाद दोन्ही बाजू ऐकून स्वतः निर्णय देतो. पक्षांनी तो स्वेच्छेने निवडलेला असला, तरी निर्णय त्याचाच असतो. न्यायालयही निर्णयच देते, मात्र तेथे पक्षांना न्यायाधीश निवडता येत नाही. मध्यस्थ निर्णय देत नाही. तो दोघांना समोरासमोर बसवतो, एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या कानी नीट पडेल असे पाहतो आणि तोडगा पक्षांनाच शोधू देतो. समेट हा मध्यस्थीचाच कायद्याने बांधलेला प्रकार होय. समेट अधिकारी शासनाचा असतो, त्यास मुदत असते आणि त्याच्यासमोर झालेला करार त्या आस्थापनेतील सर्व कामगारांवर बंधनकारक होतो. समेटाबाहेर, खाजगीरीत्या झालेला करार केवळ त्यावर सह्या करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. पंचायत सदस्यांनी व कार्यालय प्रमुखांनी हा भेद विसरू नये.

महाराष्ट्राला ही पद्धत परकी नाही. मराठेशाहीत गोतसभेपुढे वतनाचे व हद्दीचे तंटे चालत आणि निर्णयाचा महजर लिहून ठेवला जाई. पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टन यांनी सादर केलेल्या अहवालातही पंचायतीच्या पद्धतीची दखल घेतलेली आहे. अलीकडच्या काळात १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावोगावी समित्या स्थापून हीच परंपरा नव्याने मांडली. मात्र गावचा पंच बहुधा निवाडा देत असे. कामाच्या जागेवरील मध्यस्थाने त्या मोहास आवर घातला पाहिजे.

मध्यस्थीचे लाभ

मध्यस्थीचा पहिला लाभ वेळेचा आहे. न्यायालयातील प्रकरण वर्षानुवर्षे चालू शकते आणि त्या काळात दोन्ही पक्षांना त्याच छपराखाली काम करावे लागते. दुसरा लाभ खर्चाचा. बुडालेली मजुरी, थांबलेले उत्पादन, वकिलाची फी आणि सुनावणीसाठी घातलेल्या खेपा यांचा हिशेब केला, तर लहान कामगाराला व लहान मालकाला वाद जिंकूनही नुकसानच झालेले दिसते.

तिसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. न्यायालय हक्काचा प्रश्न सोडवते, परंतु कामावरील पुष्कळ तंट्यांच्या मुळाशी हक्काखेरीज आणखी काही असते. कोणी चारचौघांत बोललेला अपशब्द, पाळीच्या वाटपात झालेला पक्षपात, न मिळालेली रजा, न सांगता बदललेले काम, अशा गोष्टी अर्जात क्वचितच लिहिल्या जातात. अर्जात वेतनवाढ असते आणि मनात अपमान असतो. न्यायाधीश अर्जावर निर्णय देतो. मध्यस्थाला मनातील गोष्टही ऐकता येते.

चौथा लाभ असा, की स्वतः ठरवलेली गोष्ट माणूस अधिक निष्ठेने पाळतो. लादलेल्या निर्णयात पळवाटा शोधल्या जातात. स्वतः शोधलेल्या तोडग्याची जबाबदारी मात्र स्वतःकडेच राहते. शिवाय, तंटा मिटल्यानंतरही दोघांना एकत्र काम करावयाचे असते. जमिनीच्या दाव्यातील पक्ष दावा संपल्यावर एकमेकांचे तोंड न पाहता राहू शकतात. मुख्याध्यापक व शिक्षक, सरपंच व सचिव, मुकादम व मजूर यांना तशी सोय नसते.

एक उदाहरण

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लोणावळ्यातील चिक्कीचा धंदा सर्वश्रुत आहे. समजा, एका कारखान्यात पंचवीस माणसे काम करतात. पुरुष भट्टीवर गुळाचा पाक करतात, शेंगदाणे मिसळून लगदा लाटतात व वड्या कापतात. स्त्रिया वड्या पाकिटांत भरतात आणि त्यांना डब्यांच्या संख्येवर मजुरी मिळते. पावसाळ्यात दुकानांतून चिकट झालेला माल परत येऊ लागतो. मालक परत आलेल्या डब्यांची रक्कम भरणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीतून कापतो. स्त्रिया काम बंद करण्याची भाषा बोलू लागतात.

हे प्रकरण थेट वरच्या कचेरीत गेले, तर प्रश्न एवढाच राहील की कपात कायदेशीर आहे की नाही. कामगारास आपले म्हणणे मांडण्याची संधी न देता नुकसानीपोटी वेतनात कपात करता येत नाही, असे कायदा सांगतो. मालक हरेल. पण माल परत येतच राहील आणि पुढच्या पावसाळ्यात तंटा दुसऱ्या रूपाने उभा राहील.

आता तक्रार निवारण समितीतील दोन्ही बाजूंचे सदस्य मध्यस्थाच्या भूमिकेतून बसले, असे समजा. प्रथम ते स्त्रियांना स्वतंत्रपणे भेटतात, मग मालकाला. स्त्रिया सांगतात, की कापलेल्या वड्या दुपारपर्यंत उघड्या ताटांत पडून असतात, कारण भट्टीचे काम पहाटे सुरू होते आणि त्यांना मात्र दहा वाजता बोलावले जाते. गूळ हवेतील ओल शोषून घेतो, हे तर प्रत्येक घरात ठाऊक आहे. मालक सांगतो, की दुकानदार परत केलेल्या मालाचे पैसे त्याच्या बिलातून वळते करतात आणि ते त्याला सोसवत नाही. दोघांचेही म्हणणे खरे आहे. दोष भरणाऱ्या हातांत नसून भट्टी व भरणी यांच्यामधल्या चार तासांत आहे, हे एकत्र बैठकीत उघड होते.

तोडगा आता दोघांनाच दिसू लागतो. जून ते सप्टेंबर भरणीची पाळी सकाळी सातला सुरू व्हावी, ताटे झाकून ठेवण्याची जबाबदारी भट्टीच्या मुकादमावर असावी, झालेली कपात दोन हप्त्यांत परत द्यावी आणि परत येणाऱ्या मालाची नोंद दोन्ही बाजूंच्या सह्यांनी ठेवावी. सातची पाळी लांबून येणाऱ्या स्त्रियांना अडचणीची असेल, तर त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था करावी. यांपैकी एकही कलम न्यायालयाने सुचवले नसते. यंत्र, पाऊस, पाळी आणि घरची कामे यांचे ज्ञान असलेल्या माणसांनाच असा तोडगा सुचू शकतो.

मध्यस्थाने पाळावयाची पथ्ये

मध्यस्थ कोण असावा, यावर अर्धे यश अवलंबून असते. तो दोन्ही पक्षांना मान्य असावा आणि निकालात त्याचा स्वतःचा लाभ नसावा. पदाने मोठा असलेला माणूसच मध्यस्थ म्हणून योग्य, असे नाही. पुष्कळदा वरिष्ठासमोर कनिष्ठ खरे बोलत नाही.

बैठक कोणाच्याही दालनात न घेता त्रयस्थ जागी घ्यावी. आरंभीच सर्वांना स्पष्ट सांगावे, की येथे बोललेले बाहेर जाणार नाही आणि पुढे कोणाविरुद्ध वापरले जाणार नाही. प्रत्येक पक्षास न अडवता पूर्ण बोलू द्यावे. नंतर गरज वाटल्यास स्वतंत्र भेटी घ्याव्यात, मात्र एकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्यास सांगू नये. "कोण चुकले" या प्रश्नाऐवजी "उद्यापासून काय व्हावे" या प्रश्नाकडे चर्चा वळवावी. तोडगा निघाल्यावर तो सोप्या मराठीत लिहून काढावा. कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करावयाचे, हे त्यात स्पष्ट असावे. तो सर्वांना वाचून दाखवावा व नंतरच सह्या घ्याव्यात. महिन्याने सर्वांना पुन्हा बोलावून ठरलेल्या गोष्टी घडल्या की नाही, ते पाहावे. पुष्कळ समझोते या शेवटच्या पायरीअभावी मोडतात.

समोर बसलेली माणसे खरोखर ज्यांच्यासाठी बोलतात त्यांच्या विश्वासातील आहेत काय, हेही पाहिले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईतील गिरणी कामगारांचा संप या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. १९४६ च्या अधिनियमाखाली बोलणी करण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या प्रातिनिधिक संघटनेला होता. कामगार मात्र डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे गेले होते. सुमारे अडीच लाख कामगारांचा हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही आणि असंख्य कामगारांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. या संपाच्या अपयशाची कारणे अनेक आहेत. परंतु ज्याला बोलण्याचा अधिकार आहे त्याच्यावर विश्वास नाही आणि ज्याच्यावर विश्वास आहे त्याला अधिकार नाही, अशा स्थितीत मध्यस्थीला जागाच उरत नाही, ही गोष्ट त्यातून स्पष्ट दिसते.

मध्यस्थीच्या मर्यादा

प्रत्येक तंटा मध्यस्थीने मिटवावा, असा आग्रह धरणे चुकीचे व कधी कधी अन्यायाचे ठरते. कायद्याने दिलेला किमान हक्क हा तडजोडीचा विषय नाही. किमान वेतनाहून कमी मजुरी मान्य करणारा समझोता कामगाराने सही केली म्हणून वैध ठरत नाही. मारहाण, अपहार किंवा अपघातातील निष्काळजीपणा दडपण्यासाठी मध्यस्थीचा वापर होऊ नये.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत तर विशेष दक्षता हवी. २०१३ च्या अधिनियमानुसार समेटाचा प्रयत्न केवळ पीडित स्त्रीने स्वतः विनंती केली तरच करता येतो आणि पैशाची देवघेव हा त्याचा आधार असू शकत नाही. अशी तक्रार घेऊन आलेल्या शिक्षिकेस अथवा सेविकेस "मिटवून टाका" असे सांगण्याचा अधिकार सरपंचास, मुख्याध्यापकास किंवा अन्य कोणासही नाही. तक्रार समितीकडे तिला पोहोचविणे, एवढेच त्यांचे कर्तव्य आहे.

दोन पक्षांच्या बळात फार मोठे अंतर असले, तरी मध्यस्थी फसवी होते. उद्या कामावर ठेवणार की नाही या भीतीने मान हलवणारा कंत्राटी मजूर तडजोड करीत नसतो, तो शरण जात असतो. अशा वेळी त्याच्यासोबत संघटनेचा प्रतिनिधी किंवा विश्वासातील माणूस असावा. तोही नसेल, तर प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे सोपवणेच योग्य.

गावपातळीवरील कर्तव्य

हा विषय केवळ कारखान्यांचा आहे, असे समजू नये. ग्रामपंचायत ही स्वतः एक मालक आहे. पाणीपुरवठ्याचा कर्मचारी, शिपाई, लिपिक व सफाई कामगार तिच्या सेवेत असतात. त्यांचे वेतन थकते, कामाच्या वेळा ठरलेल्या नसतात आणि एका सदस्याच्या तोंडी आदेशाविरुद्ध दुसऱ्याचा तोंडी आदेश येतो. शाळेतही तासिकांच्या वाटपावरून, परीक्षेच्या कामावरून शिक्षकांत तट पडतात आणि त्याची झळ विद्यार्थ्यांना लागते. अशा ठिकाणी वीस कामगारांची संख्या भरत नसेल, तर कायद्याची समिती बंधनकारक नसेल, परंतु ऐकून घेण्याची व्यवस्था करण्यास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महिन्यातील एक ठराविक दिवस, तक्रारींची एक नोंदवही आणि सर्वांना मान्य असे दोन त्रयस्थ, एवढ्या साधनांनिशी प्रारंभ करता येईल.

मावळ तालुक्याचे रूप गेल्या काही दशकांत झपाट्याने पालटले आहे. तळेगाव परिसरात उद्योग वाढले, लोणावळ्यात पर्यटनाचा व्यवसाय फोफावला. शेतावर काम करणारी पिढी आता पाळीवर, करारावर व कंत्राटदाराच्या हाताखाली काम करू लागली आहे. कंत्राटदार, उपकंत्राटदार, मुकादम आणि मजूर ही साखळी नव्या नावांनी पुन्हा उभी राहिली आहे. म्हणूनच तक्रारीला खालून वर जाण्याची वाट मोकळी आहे काय, हा १८५९ चा प्रश्न आजही प्रत्येक कचेरीने, शाळेने, पंचायतीने व कारखान्याने स्वतःला विचारावयास हवा. जेथे या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तेथे पुढील मासिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घेण्यास कोणाचीच आडकाठी असण्याचे कारण नाही.